स्ट्रिक्चरच्या ऑपरेशननंतर : नळी असताना आणि नळी निघाल्यावर

प्रश्न : माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत, रिक्षा चालवतात. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात चेंबरच्या सरकलेल्या झाकणावरून त्यांचा एक पाय आत गेला आणि लोखंडी कडेचा मार दोन्ही पायांच्या मधे बसला. तेव्हापासून लघवीची धार बारीक होत गेली. दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, दोन्ही वेळा वर्षाच्या आत पुन्हा तेच. आता गालाच्या आतली कातडी काढून मोठं ऑपरेशन केलं, त्याला ९ दिवस झाले. नळी तीन आठवडे ठेवायची आहे. नळीच्या कडेने रक्त येतं, कधी लघवी येते, शौचाला बसलं की जास्त. अंडकोश काळा-निळा पडलाय. आमच्या गल्लीतले एक कंपाउंडर म्हणतात, नळी खराब झालीये, मी बदलून देतो. जाऊबाई म्हणतात, गालाची कातडी खाली लावतात हे कधी ऐकलं नाही, तुम्हाला फसवलं. यांना शुगर आहे, तंबाखूही सुटत नाही. डॉक्टरांनी विचारलं की हे ‘सगळं ठीक’ म्हणतात आणि घरी येऊन कण्हत पडतात. घरात कुणाला सांगू देत नाहीत. रिक्षाचा हप्ता थांबलाय, म्हणून लगेच कामाला जायचं म्हणतात. आणखी एक विचारायचं आहे, पुढे नवरा-बायकोच्या नात्यात काही अडचण येईल का? हे मी कुणाला विचारू शकत नाही.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर :

ताई,

तुम्ही रक्ताबद्दल लिहिलंत, सुजेबद्दल लिहिलंत. पण मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती ‘डॉक्टरांसमोर सगळं ठीक म्हणतात’ या वाक्याची. टेबलावर छान झालेलं ऑपरेशन घरी लपवलेल्या तापामुळे, नाहीतर कुणीतरी ओढलेल्या नळीमुळे बिघडताना मी पाहिलं आहे. लाजेपायी माणूस गप्प बसतो. तुम्ही गप्प बसला नाहीत हे फार चांगलं केलंत.

आधी आजच्या आज करायचं काम. त्या कंपाउंडरना नळीला हात लावू देऊ नका. ते कितीही अनुभवी असोत, इतरांच्या नळ्या रोज बदलत असोत, ही नळी वेगळी आहे. यांच्या मूत्रमार्गाचा जो भाग जुन्या व्रणामुळे अरुंद झाला होता (यालाच स्ट्रिक्चर म्हणतात) तो डॉक्टरांनी उघडून तिथे गालाचा पडदा शिवला आहे. त्या टाक्यांच्या आतून ही नळी गेली आहे. तिच्यामुळे नवा मार्ग मोकळा राहतो आणि लघवी ताज्या टाक्यांना न लागता बाहेर पडते. नळीच्या टोकाला मूत्राशयात पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो, म्हणून ती बाहेर घसरत नाही. फुगा नीट रिकामा न करता ओढली तर तो फुगा सगळं शिवणकाम फाडत बाहेर येतो. आणि फुगा रिकामा करून काढली तरी नवी नळी आंधळेपणाने आत ढकलताना तिचं टोक पडद्याखाली घुसतं आणि चुकीची वाट तयार होते. मग पुन्हा स्ट्रिक्चर, पुन्हा ऑपरेशन, आणि ते आधीच्यापेक्षा अवघड.

झोपेत ओढली जाऊन किंवा फुगा फुटून नळी आपोआप निघाली तर? घरी काही करू नका. निघालेली नळी पिशवीत घालून बरोबर घ्या आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या रुग्णालयाला फोन करत थेट तिकडे निघा. ‘लघवी तर होतेय की’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. रात्री तिथे कुणी भेटलं नाही तर मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. आपल्याकडे पुण्यात ससून रुग्णालयाचा विभाग चोवीस तास चालू असतो, आणि १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते. यांच्या या ऑपरेशनचं नाव युरेथ्रोप्लास्टी, आणि मूत्रविकारांचे सर्जन ते युरॉलॉजिस्ट. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला : ‘यांची युरेथ्रोप्लास्टी झाली आहे, युरॉलॉजिस्टशिवाय खालून नळी घालू नका.’ लघवी अडली असेल तर बेंबीच्या खालून, पोटातून थेट मूत्राशयात नळी टाकून ती मोकळी करता येते. ती वाट तिथल्या डॉक्टरांना माहीत असते. तुम्ही फक्त ऑपरेशनचं नाव सांगायचं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आजच स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे रात्रीच्या घाईत कपाट उपसावं लागणार नाही.

आता कडेने येणाऱ्या लघवीचं. मूत्राशयाला तो फुगा खुपतो. मधूनच मूत्राशय आवळतो, जोराची कळ येते, लघवी लागल्यासारखं होतं आणि चार थेंब नळीच्या बाजूने बाहेर पडतात. हे बऱ्याच जणांना होतं. त्यावर गोळी असते, पण रुग्णाने सांगितलं तर डॉक्टर लिहून देतील ना! बद्धकोष्ठ असेल तर या कळा वाढतात.

तुम्ही पाहायचं ते बॅगेत. कडेने थेंब येतायत आणि बॅगही भरतेय, तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी फोनवर सांगा. पण पाणी पिऊनही दोन तास बॅगेत काही उतरलं नाही, ओटीपोट टम्म झालं, आणि सगळी लघवी कडेनेच येतेय, तर नळी अडली आहे. आधी नळी मांडीखाली दबलीये का, कुठे पिळलीये का, बॅग वर टांगलीये का, एवढं पाहा. सरळ करूनही वाहत नसेल तर त्याच तासाला रुग्णालयात जा. घरी सिरिंजने पाणी मारून नळी साफ करू नका, रुग्णालयात कुणी ते शिकवून पाठवलं असेल तरच.

बॅग नेहमी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. रिक्षातून तपासायला नेताना लोक बॅग मांडीवर घेतात, तसं नको, लघवी उलटी मूत्राशयात जाते. नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी सैल बांधलेली असावी, उठताना-बसताना ताण येता कामा नये. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे लघवी फिकट राहील. (मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.) बार्लीचं पाणी, सब्जा चालेल, पण शुगर आहे म्हणून बिनसाखरेचं. दुकानातले ‘मूतखड्याचे’ काढे सध्या नकोत.

रक्ताबद्दल. शौचाला जोर दिला की नळीच्या कडेने थोडं रक्त किंवा चिकट स्राव येतो. लघवी मधेच गुलाबी होते, पाणी प्यायल्यावर फिकट होते. पहिले काही आठवडे हे चालतं. लघवी टोमॅटोच्या साराइतकी लाल राहत असेल, गुठळ्या पडत असतील, किंवा टाक्यांवरचं ड्रेसिंग बदललं तरी पुन्हा भिजत असेल, तर ते चालत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती कधी पुन्हा सुरू करायची हे लेखी घ्या. शौचासाठी जोर लागता कामा नये. रात्री इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध घ्यावं, आणि काही आठवडे उकिडवं बसण्याऐवजी कमोड वापरावा. घरात नसेल तर मेडिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

काळा-निळा अंडकोश पाहून तुमचा जीव घाबरला असेल. टाके त्याच्या मागच्या बाजूला आहेत, तिथलं रक्त खाली सैल कातडीत उतरतं आणि रंग बदलतो. नवव्या दिवशी तो रंग जांभळ्याकडून पिवळट-हिरव्याकडे जात असेल, सूज कालच्यापेक्षा आज कमी असेल, तर ते उतरतंय. घट्ट लंगोटासारखी चड्डी घालून, झोपताना खाली मऊ टॉवेलची घडी ठेवून अंडकोश उचलून धरला की आराम पडतो.

पण इथे मी थोडा थांबून सांगतो, कारण यांना शुगर आहे. सूज रोज वाढतेय, कातडी तापलीये, चकाकतेय, टाक्यांतून पू किंवा वास येतोय, काळा डाग पसरतोय, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागतेय, दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे : यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्या भागातला जंतुसंसर्ग मधुमेही माणसात तासातासाला पसरू शकतो आणि जिवावर बेततो. असं क्वचित होतं. पण झालं तर वेळेवर पोचणं हाच उपाय, म्हणून रोज अंघोळीच्या वेळी तुम्ही स्वतः नीट उजेडात ती जागा पाहा. त्यांना लाज वाटेल. ‘डॉक्टरांनी मला पाहायला सांगितलंय’ म्हणा, माझ्या नावावर खपवा.

टाक्यांमधून लघवी झिरपताना दिसली तरी कळवा. आत कुठेतरी शिवण उसवली आहे असा त्याचा अर्थ. बऱ्याचदा नळी आणखी काही आठवडे ठेवली की ते भरून येतं, पण डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.

ताप. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. १००.४ किंवा त्याच्या वर गेला, विशेषतः थंडी वाजून, हुडहुडी भरून, तर पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका. नळी असलेल्या माणसाला थंडी-ताप म्हणजे जंतू रक्तात उतरण्याची शक्यता. त्याबरोबर भोवळ, बडबड, लघवी कमी होणं असं काही दिसलं तर १०८. एका बाजूचं वृषण अचानक सुजून दुखायला लागलं तर तोही बहुतेकदा संसर्गच असतो, त्यालाही औषध लागतं. आणि एका पोटरीला सूज येऊन दुखत असेल, किंवा एकदम दम लागून छातीत दुखलं, तर पायात रक्ताची गुठळी झाल्याची किंवा ती फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी लागते. मोठ्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळून राहिलं की हा धोका वाढतो. म्हणून त्यांना घरातल्या घरात, बॅग हातात धरून, दिवसातून चार-पाच वेळा चालवा.

एक उलट बाजूही सांगतो. कुणीतरी लघवीची तपासणी करून आणेल आणि रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूच्या पेशी), जंतू दिसतील. नळी जितके जास्त दिवस राहते तितकी ते सापडण्याची शक्यता वाढते, आणि महिनाभरात तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. ताप नाही, त्रास नाही, तर केवळ कागद पाहून दुकानातून अँटिबायोटिक घेऊ नका. नको तेव्हा घेतलेल्या गोळ्यांमुळे जंतू निर्ढावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. नळी काढताना द्यायचं अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील.

जाऊबाईंना सांगा, फसवणूक झालेली नाही. तोंडाच्या आतला पडदा ओल्यात राहायला सरावलेला असतो, त्याला केस नसतात, जंतूंना तो दाद देत नाही, आणि दुसरीकडे लावला की लवकर रुजतो. इंग्लंडमध्ये हम्बी या सर्जनने १९४१ मध्ये तो मूत्रमार्गासाठी वापरल्याची नोंद आहे. इटलीच्या बार्बाली यांनी १९९६ मध्ये तो मूत्रमार्गाच्या वरच्या बाजूने लावायची रीत मांडली. आणि लांबलचक स्ट्रिक्चरमध्ये मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करून, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा न तोडता हा पडदा लावतात ती पद्धत जगभर ‘कुलकर्णी टेक्निक’ म्हणून ओळखली जाते. ते डॉ. संजय कुलकर्णी आपल्या पुण्याचेच. देशोदेशीचे सर्जन हे काम शिकायला या शहरात येतात.

दुर्बिणीतून दोनदा करूनही पुन्हा का आलं, हेही यातच आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आतला व्रण चिरतात, काढत नाहीत. व्रण छोटा आणि पहिल्यांदाच असेल तर कधी कधी तेवढ्यावर भागतं. एकदा उलटून आल्यावर पुन्हा पुन्हा चिरण्याचा फायदा घटत जातो, शिवाय दर वेळी व्रण लांबत जाऊ शकतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी यावेळी मार्गच नव्याने बांधला ते बरोबर केलं.

मात्र त्या पडद्याला स्वतःचं रक्त नसतं. नव्या जागी लावल्यावर पहिले दोन दिवस तो खालच्या मांसातून नुसतं पोषण शोषून जगतो. मग बारीक रक्तवाहिन्या जुळायला लागतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रक्त खेळू लागतं. गादीवाफ्यातून काढून लावलेल्या रोपासारखं आहे हे, मूळ धरेपर्यंत हलवून चालत नाही. यांचे ते पहिले दिवस पार पडलेत, ही जमेची बाजू. पण तंबाखूतलं निकोटिन त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. तंबाखू ठेवायची जागाही तीच, गालाच्या आत, जिथे आता ताजी जखम आहे. त्यामुळे तंबाखूबद्दल मी तडजोडीचं काही सांगणार नाही. आजपासून बंद. तलफ सहन होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, सोडायला मदत करणारी औषधं असतात. निकोटिनचा च्युइंगगम मात्र स्वतःच्या मनाने आणू नका, त्यातही तेच निकोटिन आहे. शुगर रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर मोजून वहीत लिहा. वाढलेली साखर जखम भरू देत नाही.

गाल दोन आठवडे दुखेल. ताठरल्यासारखा, बधिर वाटेल, आणि बधिरपणा काही महिनेही राहू शकतो. मऊ भात, खिचडी, दही, गार दूध चालेल. तिखट, गरम, कुरकुरीत नको. जेवणानंतर दिलेल्या माउथवॉशने चुळा. दिवसातून तीन-चार वेळा तोंड हळूहळू पूर्ण उघडायचा व्यायाम करावा, नाहीतर व्रण आखडतो आणि तोंड कमी उघडतं. वर्षानुवर्षं तंबाखू खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडत असतं, म्हणून यांनी हा व्यायाम टाळू नये. गालातून रक्त आलं तर स्वच्छ कापसाचा बोळा दहा मिनिटं दाबून धरा. तरीही थांबलं नाही, गाल बाहेरून सुजत गेला किंवा गिळता येईना, तर दाखवा.

तीन आठवड्यांनी नळी काढण्याआधी बहुतेक ठिकाणी डाय टाकून एक्स-रे काढतात. नळीच्या बाजूने थोडं औषध सोडून नव्या मार्गातून कुठे गळती आहे का ते पाहतात. गळती दिसली तर नळी आणखी आठवडाभर राहते. त्या दिवशी निराश होऊन यायचं नाही. गळती असताना नळी काढली तर लघवी मांसात झिरपते, पू होतो, कधी कातडीतून लघवीची वेगळी वाट पडते. आठवडाभराचा उशीर त्यापेक्षा पुष्कळ बरा.

नळी निघाल्यावर पहिल्या एक-दोन लघव्या रुग्णालयातच करून, धार डॉक्टरांना दाखवून मग घरी या. सुरुवातीला जळजळ होते, धार फाटते किंवा तिरकी जाते, लघवी झाल्यावर चड्डीत थोडे थेंब पडतात. हे थेंब बरेच दिवस राहू शकतात, कारण नवा भाग पहिल्यासारखा स्वतः आवळून लघवी पुढे ढकलत नाही. त्यांना सांगा, लघवी झाल्यावर अंडकोशाच्या मागे बोटांनी दाबत पुढे आणायचं, उरलेलं निघून जातं. चार-सहा तासांत लघवीच झाली नाही, पोट फुगलं, तर तातडीने परत. तेव्हाही खालून नळी घालणारा माणूस युरॉलॉजिस्टच हवा.

आता यातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. नळी निघाली की लोक समजतात संपलं. गालाच्या पडद्याचं ऑपरेशन दहांपैकी आठ-नऊ जणांत टिकतं, म्हणजे एक-दोघांत स्ट्रिक्चर पुन्हा येतं. ते बरेचदा पहिल्या एक-दोन वर्षांत येतं, क्वचित त्यानंतरही. येतं ते हळूहळू. धार थोडी बारीक, वेळ थोडा जास्त, शेवटी जोर, रात्री दोनदा उठणं, मधूनच संसर्ग. माणूस त्या बारीक धारेला सरावतो, आणि यांच्यासारखा न बोलणारा माणूस तर लघवी पूर्ण अडेपर्यंत सांगतच नाही. तोवर मूत्राशयावर, कधी मूत्रपिंडांवरही ताण आलेला असतो.

म्हणून युरोफ्लोची तपासणी चुकवायची नाही. साधी आहे, सुई नाही, नळी नाही. फनेलमध्ये लघवी करायची आणि यंत्र वेग मोजतं. मूत्राशयात किमान दीडशे मिली लघवी असायला हवी, नाहीतर आकडा फसवा येतो, म्हणून पाणी पिऊन, लघवी लागल्यावरच जायचं. तरुण-मध्यमवयीन पुरुषात सर्वोच्च वेग सेकंदाला १५ मिलीच्या वर असला की समाधान, १० च्या खाली गेला की शोध घ्यावा लागतो. आलेखाचा आकारही डॉक्टर पाहतात. मोकळ्या मार्गात तो टेकडीसारखा चढून उतरतो, अडलेल्या मार्गात बुटका आणि सपाट राहतो. बहुतेक डॉक्टर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, मग सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा बोलावतात. यांच्या बाबतीत डॉक्टरांनी दिलेल्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मधल्या काळात घरीही अंदाज घेता येतो. मेजरिंग जगमध्ये लघवी करायची आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. हा आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही, स्वतःच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडायचा. आधी ३०० मिलीला २५ सेकंद लागत होते आणि आता ४५ लागतायत, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. लवकर सापडलेल्या अडथळ्याला छोटा उपाय पुरू शकतो.

तुमचा शेवटचा प्रश्न. तो विचारण्यात काहीच गैर नाही, आणि हा प्रश्न पत्रातून कितीतरी जणी विचारतात. या ऑपरेशननंतर काही पुरुषांना ताठरता कमी झाल्यासारखी वाटते. नसा त्या जागेच्या अगदी जवळून जातात, सूज असते, मनात भीती असते. बहुतेकांमध्ये हे तात्पुरतं असतं आणि सहाएक महिन्यांत सुधारतं. काहींमध्ये उरतं. शुगर आणि तंबाखू ही दोन्ही त्याची स्वतंत्र कारणं आहेत, म्हणून उरलं तर त्यांचाही विचार करावा लागेल, आणि त्यावर उपचार आहेत. सध्या रात्री किंवा पहाटे आपोआप ताठरता येऊन टाके दुखत असतील. ते नसा शाबूत असल्याचं लक्षण आहे, फक्त दुखणं फार असेल तर डॉक्टर औषध देतात. काहींना वीर्य जोराने न येता नंतर ओघळतं, काहींना लिंगाला थोडा बाक किंवा बधिरपणा जाणवतो. संबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, तेही नळी निघून जखम भरली आहे असं डॉक्टरांनी पाहून सांगितल्यावर. पहिले काही महिने जमलं नाही म्हणून कुणी कुणाला दोष देऊ नये, हे दोघांनी आधीच बोलून घ्या. तुम्ही हा विषय काढलात तर त्यांनाच हायसं वाटेल, कारण हीच भीती त्यांच्याही मनात असण्याची दाट शक्यता आहे.

पुढच्या तपासणीला तुम्ही ओपीडीत त्यांच्याबरोबर आत जा. बाहेर बाकावर बसू नका. कडेने येणारी लघवी, कळा, शुगरचे आकडे, तंबाखू, ताठरता, हे सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने काही बोलावं लागत नाही. तिथेच विचारून घ्या : रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, नळी कोणत्या मापाची आहे, एक्स-रे कोणत्या तारखेला. आणि पुढे आयुष्यात कधीही दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली तर आधीच सांगायचं की स्ट्रिक्चरचं ऑपरेशन झालेलं आहे. भूल दिल्यावर सहज म्हणून घातलेली जाड नळी या मार्गाचं नुकसान करू शकते.

रिक्षाचं म्हणाल तर, नळी असताना अजिबात नाही. नळी निघाल्यावरही लगेच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर सगळं वजन नेमकं त्या टाक्यांवर येतं, आणि आपल्याकडचे खड्डे आणि स्पीडब्रेकर दिवसभर तिथेच दणके देणार. ऑपरेशनपासून साधारण दोन महिने धरून चाला, नेमकी तारीख डॉक्टर जखम पाहून देतील. सुरुवात दिवसातून दोन-तीन तासांनी, जाड मऊ गादी घेऊन, मधे उतरून चालत. दुचाकीचंही तेच, आणि सायकल त्याहून उशिरा. तोवर जड सिलिंडर, पाण्याचे हंडे उचलणं नाही. हप्त्यासाठी डॉक्टरांकडून ‘इतके दिवस काम करता येणार नाही’ असं प्रमाणपत्र घ्या आणि बँकेत किंवा फायनान्स कंपनीत स्वतः जाऊन मुदत मागा. हप्ते थकल्यानंतर जाण्यापेक्षा आत्ता गेलात तर बोलणं सोपं जातं. ओळखीच्या, परवाना-बॅज असलेल्या चालकाला महिना-दोन महिने रिक्षा शिफ्टवर देता आली तर हप्त्यापुरते पैसे सुटतील. आणि कधी पुन्हा दाखल व्हायची वेळ आलीच तर रेशन कार्ड, आधार कार्ड बरोबर ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्रांना (योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या मदतनिसांना) भेटून हा उपचार योजनेत बसतो का ते दाखल होण्यापूर्वीच विचारा.